सत्य आधी की अहिंसा? घरातल्या हक्कसोडपत्रावरून पडलेला प्रश्न

आमराईतली_सकाळ
नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत विश्रामबागला राहते, सासर तासगाव तालुक्यातलं. इथं सकाळी योगाच्या वर्गाला जाते, आमच्या मॅडम आसनं झाली की थोडा वेळ पतंजलींची सूत्रं पण समजावून सांगतात आणि सध्या यम-नियम चालू आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून न ठेवणं) हे पाच यम आणि शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. आठ अंगांत आसनाचा नंबर तिसरा लागतो आणि त्याच्या आधी ही दोन येतात हे मला इथंच कळलं, तोवर योग म्हणजे सूर्यनमस्कार आणि कपालभाती एवढंच डोक्यात होतं.

वर्गात ऐकताना सगळं पटतं. अहिंसा म्हणजे तोडून न बोलणं पण, हे घरात करून बघतेय आणि फरक पडलाय, मुलांवर ओरडणं कमी झालंय, सासूबाईंना लगेच उत्तर देत नाही, जरा थांबते. पण आता जे समोर आलंय त्यात काय करावं कळेना म्हणून इथं लिहितेय.

सासरे गेल्या वर्षी वारले. गावाकडं चार एकर आहे, निम्मी द्राक्षबाग आणि निम्मा ऊस. वारस नोंद झाली त्यात सासूबाई, मिस्टर, दीर आणि नणंद अशी नावं लागली. आता नणंदबाई पंचमीला माहेरी येतील तेव्हा त्यांच्याकडनं हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून घ्यायचं असं मिस्टर आणि दिरांचं ठरलंय. मागायला काही हरकत नाही, बऱ्याच घरांत मागतात आणि बहिणी देतात पण. पण त्यांना फोनवर सांगितलंय काय, तर सोसायटीच्या कर्जाला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, येताना आधार कार्ड आणि फोटो घेऊन ये. बास, एवढंच. त्या साध्या आहेत, भाऊ म्हणाला की सही करणार.

मिस्टर वाईट नाहीत हो. दुकानात गिऱ्हाइकाला एक रुपया जास्त लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, ती कुठं काय मागणार आहे, विषय काढला की दाजींच्या कानावर जाणार, मग शब्दाला शब्द वाढणार, त्यापेक्षा शांतपणे होऊन जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या सुनेनं यात पडायचं नसतं. आणि एक गोष्ट उघडच आहे की ती जमीन पुढं माझ्याच मुलांना येणार.

तर प्रश्न असा आहे की खरं सांगितलं तर घर दुखावणार, म्हणजे अहिंसा मोडली. गप्प बसले तर मी स्वतः काही खोटं बोललेली नाही, मग सत्य मोडलं का? दोन्हीत मोठं कुठलं? मॅडमना विचारायचं तर वर्गात सगळ्या ओळखीच्या, घरची गोष्ट कशी काढणार. कुणी जाणकार असेल तर मनापासून सांगा.


संस्कृतप्रेमी_मिरज
ताई, प्रश्न फार नेमका विचारलाय. मी योगसूत्रं मूळातनं वाचलीत, व्यासभाष्यासकट, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेसकट, त्यामुळं आधी ग्रंथात काय आहे ते सांगतो.

साधनपादातलं, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, तिसावं सूत्र पाच यमांचं, आणि लगेच एकतिसावं म्हणतं की हे यम जात (म्हणजे जीवाचा प्रकार), देश, काळ आणि समय (म्हणजे स्वतः ठरवून घेतलेली अट) यांच्या मर्यादेत अडकले नाहीत की ते सार्वभौम महाव्रत होतात. म्हणजे सोयीनुसार पाळायचे नाहीत. इथं भाष्यात एक कोळ्याचं उदाहरण आहे. तो म्हणतो मी फक्त मासेच मारीन, बाकी कुठला जीव मारणार नाही, ही जातीची मर्यादा. तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, ही देशाची. चतुर्दशीला मारणार नाही, ही काळाची. देवा-ब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही, ही समयाची. आता तुमच्या मिस्टरांचं बघा, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला, पण गिऱ्हाइकाशी चोख आणि सख्ख्या बहिणीशी अर्धवट, ही त्याच जातीची मर्यादा झाली. आपल्याकडं हे सर्रास आहे, बाहेर शब्दाला जागणारी माणसं घरात बिनदिक्कत अर्धं सांगतात, का तर घरातलंच आहे.

आता सत्याबद्दल. भाष्यकार सत्याची व्याख्या करताना म्हणतात की जसं पाहिलं, जसा अंदाज केला, जसं ऐकलं तसंच मनात आणि तसंच वाणीत असावं, आणि दुसऱ्याला आपलं ज्ञान द्यायला जी वाणी वापरतो ती त्याला फसवणारी नसावी, भ्रमात पाडणारी नसावी, आणि त्याला काहीच बोध होणार नाही अशी पण नसावी. कर्जाच्या कागदावर सही लागते हे वाक्य या पहिल्याच कसोटीला पडतं.

त्याच ठिकाणी पुढं असंही आहे की वाणी सगळ्या जीवांच्या भल्यासाठी असते, कुणाच्या घातासाठी नाही, आणि खरं बोलून जीवाचा घातच होत असेल तर ते सत्य नव्हे, पापच. हे वाक्य पकडून लोक म्हणतात की बघा, अहिंसा वरची आहे, मग लपवलं तर चालतं. अहिंसा वरची आहे हे खरंच आहे, बाकीचे सगळे यम-नियम तिच्यासाठीच आहेत असं भाष्य स्पष्ट म्हणतं. पण घात कुणाचा होतोय ते तरी बघा. खरं सांगितलं तर मिस्टरांना आणि दिरांना अवघडल्यासारखं होईल, आठ-पंधरा दिवस घरात तोंडं फुगतील. त्याला भाष्यकार घात म्हणत नाहीत. नणंदबाईंच्या बापाच्या जमिनीवरचं नाव त्यांना न कळता जाणार, तो घात आहे. म्हणजे तुमच्या केसमध्ये सत्य आणि अहिंसा एकमेकांच्या आड येतच नाहीयेत, दोन्ही एकाच बाजूला उभी आहेत. आड येतेय ती भीती.

गप्प बसलं तर मोडतं का, याचं उत्तर चौतिसाव्या सूत्रात आहे. हिंसा, असत्य, चोरी वगैरे तीन तऱ्हेनं होतात, स्वतः केलेली, दुसऱ्याकडनं करवलेली, आणि कुणी केली तर तिला मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. तिन्ही लोभातनं, क्रोधातनं किंवा मोहातनं येतात, परत कमी, मध्यम, तीव्र, असं करत भाष्यकार ८१ प्रकारांपर्यंत मोजत जातात. एवढं बारीक का मोजलंय? कारण माणूस म्हणतो मी कुठं केलंय. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे कबूल. पण सगळं माहीत असून पंचमीला पुरणाचं वाढून नणंदेला गाडीत बसवून दिलंत तर ते तिसऱ्या खान्यात जातं. कठोर वाटेल पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.


बेदाणा_शेड
मिरजेच्या दादांचं शास्त्र शंभर टक्के बरोबर असंल, मी काय सूत्रं वाचलेली नाहीत. पण ताई मी तुमच्याच भागातला, बागायतदार, आणि भावाच्या बाजूनं पण कुणीतरी बोलायला पायजे म्हणून लिहितोय.

चार एकरात चार वाटण्या म्हणजे एकेक एकर. एकरभर बागेवर एक घर चालत नाही. छाटणी झाली की फवारण्या, डिपिंग, मजूर, औषधाच्या दुकानाची उधारी, सगळं होऊन माल पिकला की अवकाळी येतो नाहीतर दर पडतो, आणि हे सगळं करायला भाऊ असतो, बहीण पुण्याला नाहीतर सांगलीला फ्लॅटमधी. तिच्या लग्नाला जे कर्ज काढलेलं असतं ते पण त्यानंच फेडलेलं असतं बऱ्याच वेळा. म्हणून भावाच्या मनात येतं की जमीन माझी. हे लोभ आहे का, मला तरी नाही वाटत, जमीन तुटायची भीती असती ती. आणि आमच्याकडं शेकडो बहिणी राजीखुशीनं सोडतात, माहेर उघडं राहावं म्हणून. राजीखुशीनं दिलेलं घेणं याला चोरी कोण म्हणंल?

पण खोटं सांगून सही घ्यायची हे मात्र नाय पटलं. अस्तेय म्हणजे दुसऱ्याचं न घेणं असंल तर आपल्या भागात त्याची परीक्षा देवळात होत नाही, बांधावर होती. दरवर्षी नांगरताना नांगराचं एक तास (ओळ) पलीकडं ओढायचं, म्हणजे बांध कोरायचा. कॅनॉलचं पाणी आलं की दुसऱ्याच्या पाळीत रात्री वाट फोडायची. विजेच्या डीपीवर चोरून आकडा टाकायचा. हे करणारा माणूस एकादशी पण धरतो आणि वारी पण करतो. भावकीत तीस-तीस वर्षं कोर्टात चाललेल्या केशी कशावरनं चालू झाल्या बघा, पाच-दहा फूट बांध असतो, पण मुद्दा जमिनीचा राहत नाही, मला न सांगता घेतली याचा राहतो. बहिणीची सही तशीच आहे, बांध कोरल्यासारखीच.

तर माझं मत, हक्कसोड मागा, सरळ मागा, परिस्थिती सांगून मागा. दिली तर तिचे उपकार, नाही दिली तर तिचा हक्क. आणि हे नणंदेला तुम्ही परस्पर फोन करून सांगू नका, आधी मालकांशी बोला. नवऱ्याला न सांगता नणंदेला सांगितलं तर ते पण लपवालपवीच झाली की.


साताऱ्यात_दिलेली
मी इथं फक्त वाचत असते पण हे वाचून राहवलं नाही. मी ती नणंद आहे. म्हणजे तुमची नाही हो, पण तशीच.

माझं माहेर भिलवडीकडचं, कृष्णाकाठचं. वडील गेल्यावर मला पण असाच फोन आला होता, वारस नोंदीला सही लागती म्हणून, मी गेले, जेवले, तालुक्याला जाऊन सह्या केल्या, अंगठे दिले, येताना भावानं साडी दिली, वहिनीनं ओटी भरली आणि मी खुशीत साताऱ्याला परत आले. बऱ्याच दिवसांनी माझ्या मुलीनं मोबाइलवर सहज म्हणून आजोबांचा सातबारा काढला आणि म्हणाली आई यात तुझं नाव कुठाय. मी म्हटलं असेल, नीट बघ. नव्हतं. फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, बघितला तर हक्कसोड.

बेदाणावाले दादा म्हणतात राजीखुशीनं, खरं आहे, मला विचारलं असतं तर मी दिलीच असती. देवाशपथ दिली असती. मला जमिनीचं काय करायचंय, आमचं इथं बरं चाललंय. पण मला विचारलंच नाही ना. देण्याचं सुख पण त्यांनी मला मिळू दिलं नाही. दिलं असतं तर मी माहेरची देती झाले असते, आता मी काय झाले?

२०१९ ला ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा भाऊ, वहिनी, मुलं, म्हातारी आई सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याकडंच आले होते, घरात चिखल होता तोवर राहिले, मी एका शब्दानं काढलं नाही, कारण त्यावेळी ते बोलायचं नव्हतं. माझ्या मिस्टरांनी पण नाही काढलं. अजून माहेरी जाते, राखी बांधते. पण आता भाऊ म्हणाला इथं सही कर, तर मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासनं वाचते आणि तो खाली बघतो. असं झालंय.

आणि ताई, तुम्हाला सांगायचं म्हणजे भावाचा राग माझा कधीच गेला. एक प्रश्न मात्र अजून आत आहे की वहिनीला माहीत होतं का. त्या दिवशी ओटी भरताना तिला माहीत होतं का. मी तिला कधी विचारलं नाही, ती कधी बोलली नाही. आमच्या दोघींचं लग्नाआधीपासनं चांगलं होतं, एकाच शाळेतल्या आम्ही. बेदाणावाले दादा म्हणतात आधी नवऱ्याला सांगा. मी म्हणते नणंदेला सांगा, कसं पण सांगा, पण सही व्हायच्या आधी सांगा.


आमराईतली_सकाळ
सगळ्यांचे खूप आभार. साताऱ्याच्या ताई, तुमचं वाचून रडू आलं. आमच्या नणंदबाई पण माझ्या दोन्ही बाळंतपणात येऊन राहिल्या होत्या, रात्र-रात्र मुलाला मांडीवर घेऊन बसायच्या.

मिरजेच्या दादांचं ते तिसऱ्या खान्याचं मनाला लागलं. बोलायचं हे आता ठरलंय. पण मिस्टरांशी बोलायचं कसं हा खरा प्रश्न आहे. मी काही बोलले की ते म्हणतात हे तुझ्या योगाच्या वर्गाचं खूळ. आणि दीर म्हणतील वहिनीनं घर फोडलं. मला घर फोडायचं नाही. शिवाय वर्गातली एक मैत्रीण म्हणाली की संतोष हा पण नियम आहे, जे आहे त्यात समाधान मानावं, तू कशाला ताप करून घेतेस. त्याचं काय?


वाईचे_गुरुजी
मी निवृत्त शिक्षक, वाईचा. तुमच्या मैत्रिणीनं संतोषाचा जो अर्थ लावला त्यावर आधी लिहितो कारण तो अर्थ आपल्याकडं बायकांच्या माथी फार मारला गेलाय. संतोष हा नियम आहे, यम नाही. यम म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं, नियम म्हणजे स्वतःशी कसं वागायचं. जे साधन हाताशी आहे त्याहून जास्तीची हाव न धरणं याला भाष्यात संतोष म्हटलंय. म्हणजे तो लागू करायचाच असेल तर आपल्या वाट्याला आलेल्या जमिनीवर समाधान मानणं असा लागू होईल, आणि तो भावांनी पाळायचा. दुसऱ्याचा हिस्सा जाताना बघून गप्प राहणं याला संतोष म्हणायला कुठंही आधार नाही. स्वतःचं समाधान स्वतःपुरतं असतं, दुसऱ्याच्या वतीनं आपण समाधान मानू शकत नाही.

या यमांचा जमिनीशी संबंध जोडणं तुम्हाला ओढूनताणून वाटत असेल तर तसं नाही. गांधीजींच्या आश्रमात जी अकरा व्रतं होती त्यातली पहिली पाच हीच, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह. विनोबांनी याच व्रतांच्या जोरावर १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून भूदान मागत देशभर पायपीट केली. हेच विनोबा तरुणपणी आश्रमातनं रजा घेऊन आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकायला येऊन राहिले होते, त्यामुळं आम्हा वाईकरांना त्याचा जरा जास्त अभिमान. तर अस्तेय आणि अपरिग्रह जमिनीला लावणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे.

आता बोलायचं कसं. तेहतिसाव्या सूत्रात एक साधन दिलंय, प्रतिपक्षभावन. मनात यमाच्या उलटा विचार उठला की त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार मुद्दाम आणायचा. तुमच्या मनात आत्ता मिस्टरांबद्दल राग असेल, थोडा तरी असणार, की हा माणूस बहिणीला फसवतोय. त्या रागात बोलायला गेलात तर बोलणं बरोबर असून भांडण होईल. म्हणून आधी उलटा विचार आणा, की बाप गेल्यावर या माणसावर बागेचं कर्ज आलंय, धाकट्या भावाला सांभाळायचंय, हा घाबरलाय. हा विचार खोटा पण नाही, वर शेतकरी मित्रांनी तेच लिहिलंय. तो मनात बसला की आवाज आपोआप बदलतो. पहिल्या पादात तेहतिसावं सूत्र आहे, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांचं, त्यात दुःखी माणसासाठी करुणा सांगितलीय. घाबरलेला माणूस दुःखीच असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, उद्वेग न करणारं, सत्य, प्रिय आणि हितकारक बोलणं. यातलं सत्य आणि हित ही दोन सोडता येत नाहीत, प्रिय जेवढं साधेल तेवढं साधायचं. दिरासमोर, सासूबाईंसमोर विषय काढू नका, पुरुषाला चारचौघांत मागं फिरता येत नाही. एकट्याला गाठून, दुकान बंद करून जेवण झाल्यावर, शांतपणे. "तुम्ही फसवताय" असं वाक्य तोंडातनं काढायचं नाही. "ताईंना न सांगता सही झाली तर मला त्यांच्या तोंडाकडं बघता येणार नाही, तुम्हीच त्यांना सांगा, तुमच्याकडनं ऐकलं तर त्या नाही म्हणायच्या नाहीत" असं काहीतरी. सगळा मोठेपणा त्यांच्याकडं राहू द्या.

आणि योगाच्या वर्गाचं नाव, सूत्राचं नाव, यमाचं नाव यातलं काही काढू नका. तुमच्या वागण्यात असलं की पुरे, तोंडात कशाला.

साताऱ्याच्या ताईंशी मी एका बाबतीत सहमत आहे आणि एका बाबतीत नाही. सही व्हायच्या आधी सांगायचं हे नक्की. पण थेट नणंदेला फोन केला तर तिचा पहिला फोन भावाला जाणार आणि तो रागातच जाणार, मग त्याला खरं बोलायची संधीच उरत नाही. त्याला ती संधी देणं ही त्याच्याबद्दलची अहिंसा आहे. फक्त त्याला मुदत पाहिजे. पंचमीच्या आधी एक आठवडा तरी. तोवर त्यानं नाही सांगितलं तर त्याला तोंडावर सांगून, लपवून नव्हे, तुम्ही ताईंना सांगा.


साताऱ्यात_दिलेली
गुरुजी तुमचं पटलं. मुदतीचं पटलं. फक्त एवढंच की मुदत पाळा, आज बोलू उद्या बोलू करत पंचमी येते.


कोर्ट_रोडवरनं
मी वकिली करते, योगाचा अभ्यास नाही पण कायद्याची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून थोडक्यात.

वडिलांच्या नावची जमीन असेल तर त्यांच्या मागं बायको, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, सारख्या हिश्शाचे, आणि हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, महाराष्ट्रात त्याच्याही आधी १९९४ ला तशी दुरुस्ती झाली होती. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क राहतो. म्हणजे बहिणीला भाऊ काही देत नसतो, तिचं तिच्याकडं आधीच असतं. लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा संपला हा आपल्याकडचा समज आहे, कायद्यात तसं काही नाही.

हक्कसोडपत्र हा नोंदणी करावा लागणारा दस्त आहे, दुय्यम निबंधकाकडं होतो. कर्जाचा कागद म्हणून सांगून सही घेतली तर ती फसवणुकीनं घेतलेली संमती ठरू शकते आणि असा दस्त रद्द करून मागता येतो. म्हणजे तुमच्या मिस्टरांना जी शांतता पाहिजे ती या मार्गानं मिळत नाही, उद्या भाची मोठी होऊन सातबारा काढेल, वर ताईंनी लिहिलंच आहे. उलट बहिणीनं वाचून, समजून, स्वतःच्या इच्छेनं केलेलं हक्कसोडपत्र भक्कम असतं. मिस्टरांशी बोलताना नीतीची भाषा चालली नाही तर ही भाषा चालेल. तुमच्या केसची कागदपत्रं मात्र तुमच्या वकिलाला दाखवून घ्या, इथल्या एका पोस्टवर जाऊ नका.


संस्कृतप्रेमी_मिरज
वकील ताईंनी चांगली भर घातली. एक छोटी गोष्ट राहिली होती. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत की ती जमीन पुढं तुमच्याच मुलांना येणार. हे तुम्ही लपवलं नाहीत हे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक माणसं स्वतःचा फायदा बाजूला ठेवून तत्त्वाची चर्चा करतात आणि मग उत्तर बरोबर फायद्याच्या बाजूला येतं. स्वाध्याय म्हणजे भाष्याच्या हिशोबानं मोक्षशास्त्रांचं अध्ययन किंवा प्रणवाचा, म्हणजे ॐकाराचा, जप, पण तो जप करताना स्वतःचा असा हिशोब दिसत नसेल तर काय उपयोग. मुलांचं म्हणाल तर मुलं सगळं बघत असतात. आत्याची सही कशी झाली हे त्यांना आज ना उद्या कळणार, आणि पुढं ती दोघं एकमेकांशी वाटणी करताना जे बघितलंय तेच करणार.


आमराईतली_सकाळ
गुरुजी, तुम्ही लिहिलेलं वाक्य वहीत उतरवून घेतलंय. या रविवारी दुकानाला सुट्टी असते, तेव्हा बोलणार आहे. पंचमीला अजून वेळ आहे.

एकच विचारते, समजा मिस्टर तयार झाले आणि नणंदबाईंनी हक्क सोडायला नाही म्हटलं, तर बागेचे तुकडे होणार ही त्यांची भीती खरीच आहे ना? त्यावर मी काय सांगू?


बेदाणा_शेड
ताई, तुकडे करायलाच पायजेत असं कुणी सांगितलं. नाव राहणं वेगळं आणि जमीन वाटून घेणं वेगळं. आमच्या शेजारच्या मळ्यात तीन भाऊ आणि दोन बहिणी, पाचांची नावं सातबाऱ्यावर आहेत, कसतात दोघं भाऊ, आणि बेदाण्याचा सौदा झाला की खर्च वजा जाऊन बहिणींना त्यांच्या हिश्शाचे पैसे जातात, माल गेला तर नाही जात, बहिणी पण तेवढ्या समजुतीनं घेतात. हे सगळं साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या आहेत, आणि दरवर्षी हिशोबाची वही बहिणींना दाखवतात. कुणी आपला हिस्सा विकायचं म्हटलं तर आधी भावांना विचारायचं असं पण त्यात आहे. दुसरं म्हणजे बहिणीला जमीन नको असंल तर तिच्या हिश्शाची किंमत लावून हप्त्यानं पैसे देतात काहीजण, मग हक्कसोड करतात, तेबी चांगलं.

आमच्या भागात शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचं काम केलं होतं, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, तेव्हा पण लोक म्हणालेच होते की घरं मोडतील. ज्यांनी केली त्यांची काय मोडली नाहीत.

आणखी एक करा. बोलताना बागेच्या खर्चाचा हिशोब मालकांनाच काढायला लावा, औषधं, मजुरी, सोसायटीचा हप्ता, सगळं एका कागदावर. नणंद पंचमीला आली की तो कागद तिच्याफुडं ठिवायचा, सासूबाईंना पण बसवायचं, आणि मग इचारायचं. दाजी आले तर त्यांना पण बसवा, लपवायचं काय नसलं की दाजींची पण भीती राहत नाही. वकील ताई, असा साधा कागद चालतो का नोंदणी करावी लागती, तेवढं सांगा, मला पण आमच्या घरात पायजे आहे.


कोर्ट_रोडवरनं
वहिवाटीचा आणि उत्पन्न वाटायचा करार स्टॅम्पपेपरवर करून ठेवला तर पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण मालकीच सोडायची किंवा एकमेकांच्या नावावर करायची असेल तर नोंदणी लागतेच, साध्या कागदावर मालकी जात नाही. सगळ्या वारसांच्या सह्या, दोन साक्षीदार, गट नंबर आणि क्षेत्र नीट लिहा. आणि सही करण्याआधी प्रत्येकाला अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवा, सासूबाईंना पण.